प्रभूची भाकर आणि तंबाखूचे हात

देवापुढे अटी घालून काही होत नाही, हे मला कुणी आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. यांना अर्धांगवायू झाला, त्यानंतर तीन महिने मी प्रार्थनेला बसायचे ती एखाद्या सभेची विषयपत्रिका वाचून दाखवावी तशी. पहिला विषय, यांचा उजवा हात हलू दे. दुसरा, घरात बसून करता येईल असं काही काम मिळू दे. तिसरा, ते काम बिडीचं नको. तिसऱ्या विषयावर मी जरा जोर द्यायचे, न जाणो देवाचं लक्ष नसलं तर. यातला एकही विषय मंजूर होईना. मग हळूहळू माझ्या मनात असं येऊ लागलं की देव ऐकतोय, पण माझ्याबद्दल त्याचं मत काही चांगलं राहिलेलं नाही. प्रार्थनेला बसले की शब्दच यायचे नाहीत. नुसतेच डोळे मिटायचे, आणि यांनी हाक मारली की सुटल्यासारखं वाटून उठायचे.

हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की यांना हाक. एका सकाळी मागाशेजारीच खाली बसले ते उठलेच नाहीत. सोबतच्यांनी रिक्षातून दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. मूलबाळ आम्हाला नाही. यांना तासातासाला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, सगळं माझ्याकडे. बाहेर कामाला जाणं शक्यच नव्हतं. टॉवेलच्या कडा शिवायचं काम घरी मिळतं का म्हणून चार ठिकाणी विचारलं, तर मोटारीची मशीन स्वतःची हवी म्हणाले. आणि आम्ही राहतो भवानी पेठेत, तिथं आमच्या गल्लीत उंबऱ्याउंबऱ्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या असतात. म्हणजे काम दाराबाहेर पसरलेलं होतं आणि मी दार लावून देवाकडे काम मागत होते.

बिडी का नको, ते सांगायला हवं. माझे वडील मैंदर्गीला तोंडाच्या कॅन्सरनं गेले. तंबाखूची पिशवी त्यांच्या उशाशी शेवटपर्यंत होती. तेव्हापासून मला तंबाखूचा राग. पुढं मी आमच्या चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस झाले आणि त्या रागाला अधिकार मिळाला. 'तंबाखूमुक्त घर' अशी प्रतिज्ञा मी स्वतः लिहिली आणि सगळ्या बायकांना उभं करून म्हणायला लावली. सगळ्या मला 'चिटणीसबाई'च म्हणायच्या. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्या दिवशी उपासनेआधी मागच्या खोलीत दोघीतिघी बसून पावाचे बारीक चौकोनी तुकडे करतात आणि छोट्या पेल्यांत द्राक्षरस भरतात. तीच प्रभूची भाकर आणि तोच प्याला. या कामाच्या पाळ्या मी लावायचे. काही वर्षांपूर्वी सुगुणा नावाची एक तेलुगू बाई सहा-सात महिने आमच्या चर्चला येत होती. अंगानं बारीक, कमी बोलणारी, नवरा नसलेली, दिवसभर बिड्या वळून पोट भरणारी. तिची पाळी आली त्या रविवारी मी खोलीत गेले तर ती पाव कापत होती. मला तंबाखूचा वास आला. मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि बाकीच्या बायकांसमोर म्हणाले, "सुगुणा, तंबाखूच्या हातांनी प्रभूची भाकर कापत नाहीत." ती "बरं बाई" म्हणाली. नळावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले, शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि त्या दिवशी भाकर न घेताच गेली. पुढच्या रविवारपासून ती तिच्या तेलुगू चर्चला जाऊ लागली असं कळलं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त, असं मी स्वतःला सांगितलं आणि झोपही चांगली लागली.

आता यांच्या आजाराच्या त्या तीन महिन्यांच्या शेवटाकडे येते. एका बुधवारी घरातला तांदूळ संपला. मी प्रार्थनेला बसले आणि नेहमीची विषयपत्रिका तोंडात येईना. कंटाळून, खरं तर रागावून, मी एवढंच म्हणाले, "तुला काय द्यायचं ते दे, मी थकले." ही काही फार भक्तीची प्रार्थना नव्हती.

गुरुवारी सकाळी दारात सुगुणा उभी. काखेत सूप, हातात ओल्या फडक्यात बांधलेलं पानांचं गाठोडं. बिडीच्या कारखान्यातून माल घेऊन परत चालली होती. आमचं घर तिला माहीत असेल असंही मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, माझी फजिती बघायला आली. तिला यांच्या आजाराची काहीच कल्पना नव्हती, हे तिचा चेहरा पाहून कळलं. यांना खाटेवर बघून ती दारातच थबकली.

"कवा झालं हे?" तिनं विचारलं.

"तीन महिने झाले."

"आज सकाळी प्रार्थनेला बसले, तर तुमच्यासाठी पुढं काय मागावं ते सुचंना. लई येळ बसले. म्हणलं, जाऊन बघून तरी यावं." ती खाली बसली आणि सूप बाजूला ठेवलं.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "तू माझ्यासाठी प्रार्थना करतेस?"

"रोज करते की. पयले पयले रागानं करायची. शत्रूसाठी करा म्हणलंय न्हवं प्रभूनं, म्हणून दात खाऊन करायची. मंग सवय लागली. आता सकाळच्या चहासारखं हाय, केलं न्हाय तर दिवस सुरू होत न्हाय."

ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती. मी जेव्हा चांगली झोपत होते, तेव्हा ही बाई रोज सकाळी माझ्यासाठी दात खाऊन देवापुढे बसत होती. माफी मागायची वेळ तीच होती. मी मागितली नाही. मी चहा टाकायला उठले, आणि साखर नाही हे आठवून परत बसले. तिनं ते पाहिलं. जास्त काही न विचारता गाठोडं सोडलं, पानं माझ्यापुढं पसरली आणि म्हणाली, "या हिकडं. शिकवते."

माझा नको असलेला तिसरा विषय असा माझ्या घरात येऊन बसला. नको म्हणायला तोंड उघडलं, पण घरात तांदूळ नव्हता. मी पुढं सरकले.

बिडी वळणं दिसतं तेवढं सोपं नाही. साच्याचा पत्रा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू नेमकी पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी एका दमात वळून दोरा बांधायचा आणि तोंड नखानं मुडपून बंद करायचं. माझ्या पहिल्या दिवसाच्या बिड्या पाहून ती इतकी हसली की खाटेवर हेही तोंड वाकडं करून हसले. "ह्याच्यात तंबाकू कमी आन हवा लई," म्हणाली. मग एकेक सोडून पुन्हा वळून दिली. पंधरा दिवस ती रोज दुपारी यायची, माझ्या बिघडलेल्या बिड्या नीट करायची आणि माझ्या बिड्या स्वतःच्या टोपलीतून कारखान्यात न्यायची. त्या पंधरा दिवसांत केव्हातरी मी तिला अक्का म्हणू लागले. त्या जुन्या रविवारबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मी तर मुळीच नाही. जेवढं जास्त तिचं खात होते तेवढं ते बोलणं जड होत होतं.

काम मिळालं, चूल पेटू लागली, पण लाज मात्र वाढली. चर्चमध्ये कुणालाही कळता कामा नये असं मी ठरवलं. रविवारी शेजारणीला यांच्यापाशी बसवून जायचे आणि चर्चमध्ये हात पदराखाली घेऊन बसायचे. आठवड्यात दार आतून लावून बिड्या वळायचे, कुणी आलं की सूप खाटेखाली सरकवायचे. सूप लपतं, वास लपत नाही. आमच्या चर्चच्या पाळकबाई अधूनमधून यांना भेटायला यायच्या. एकदा त्यांचा आवाज गल्लीत ऐकू आला आणि मी घाबरून शेजारच्या पद्माबाईंकडून दोन उदबत्त्या मागून आणून लावल्या. त्यांनी मोठ्या श्रद्धेनं दिल्या, यांच्या आजारपणासाठी मी देवाला लावतेय असं समजून. मी त्या वास झाकायला लावल्या. दोन घरच्या देवांशी एकाच वेळी खोटं बोलायचा मान मला त्या दिवशी मिळाला.

ख्रिस्ती घरात उदबत्ती पाहून पाळकबाईंचा चेहरा उतरला. बसल्या, यांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कुणी काही सांगितलंय का? कुणी बुवा-बाबा? माणूस अडचणीत असला की मन डळमळतं, मी समजू शकते." मी खाली मान घातली. नाही म्हणाले असते तर मग उदबत्ती कशाला, हे सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिले आणि त्यांनी गप्प राहण्याचा अर्थ हो असा घेतला. माझ्या मनाची अवस्था अशी की विश्वास सोडलेली बाई म्हणून नाव झालं तरी चालेल, पण बिडीवाली म्हणून नको. त्यानंतर त्या आल्या की मी उदबत्ती लावायचेच. आता न लावावी तर वास येणार. मंडळातल्या बायका माझ्याकडे काळजीनं बघू लागल्या होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या बाईच्या डोळ्यात मुसळ होतं, आणि ते झाकायला ती धूर करत होती.

मग पाळी आली. पाळ्यांचा तक्ता माझ्याच हातचा होता, वर्षभराचा, आणि त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर कापायला माझं नाव होतं. बरं नाही असं कळवावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला. पण पाळकबाईंना वाटलं असतं, आता ही प्रभुभोजनही टाळतेय. शनिवारी दुपारी मी मोरीत बसून हात घासत होते. आधी साबण, मग लिंबू, मग चिंच, मग राख. बोटं लाल झाली, नखाकडची कातडी सोलली. हात नाकाशी नेले की वास तसाच. मला रडू आलं, आणि आवाज होऊ नये म्हणून मी नळ सोडला.

"काय करलालीस?" यांनी खाटेवरून विचारलं. जड जिभेनं एवढं बोलायलाही त्यांना वेळ लागायचा.

मी सगळं सांगितलं. सुरी काढून घेतलेला तो रविवारसुद्धा, जो यांनाही मी कधी सांगितला नव्हता. हे छताकडे बघत ऐकत होते. मग डाव्या हातानं खुणावून मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "ह्याच हातानं... मला भरवतीस की... रोज. मला काय... झालं?"

मी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. इतके महिने मी देवाकडे यांचा हात मागत होते आणि माझ्या हातांची लाज बाळगत होते. यांच्या तोंडात गेलेला प्रत्येक घास याच बोटांनी कालवलेला होता. माझ्या हातांत आलेलं काम मी मागितलेलं नव्हतं हे खरं, पण त्यानंच आम्ही दोघं जगलो होतो. वास तसाच राहिला. त्या संध्याकाळी मी पुन्हा हात घासले नाहीत.

रविवारी मागच्या खोलीत पाळकबाई आणि मंडळातल्या दोघी होत्या. त्यांतली एक मालनबाई, वयानं सगळ्यांत मोठ्या, त्या जुन्या रविवारीही तिथंच होत्या. पुढ्यात पाव आणि सुरी होती. मी सुरीला हात लावला नाही. भिंतीला टेकले आणि म्हणाले, "आधी माझं ऐकून घ्या. आमच्या घरी उदबत्ती कुठल्या देवापुढं लागत नव्हती. मी बिड्या वळते. वास झाकायला लावत होते."

मग पाळकबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत, तर त्या हसत होत्या. "अहो बाई, मी तुमच्यासाठी तीन दिवस उपास केला हो. तुमचा विश्वास टिकावा म्हणून." हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि मग माझेही. पण माझं बोलणं संपलं नव्हतं. मी सुगुणाचं सांगितलं. तिला काय म्हणाले, किती जणींसमोर म्हणाले, आणि आज तीच मला कशी जगवतेय, सगळं सांगितलं. मालनबाई खाली बघत होत्या. मी म्हणाले, "तिला ज्या कारणानं मी उठवलं, त्या कारणानं आज मला उठवा. नियम एकच असू दे."

पाळकबाईंनी पाव माझ्याकडे सरकवला. "कापा," एवढंच म्हणाल्या.

मी कापला. तुकडे सारखे झाले नाहीत, एरवी मी ते पट्टी लावल्यासारखे करायचे. उपासनेत भाकर फिरली तेव्हा माझा तुकडा मी हातात घेतला आणि त्याला माझाच वास आला. मी तो खाल्ला. कितीतरी वर्षांनी मी प्रभुभोजनात चिटणीस नव्हते, भुकेली होते.

उपासनेनंतर मालनबाईंनी मला नळापाशी गाठलं. प्रतिज्ञेच्या दिवशी सगळ्यांत मोठ्यांदा म्हणणाऱ्या त्याच. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "सुनेच्या नावावर मीच बिड्या वळते गं. सात वर्सं झाली. चर्चला येताना लवंग चावून येते." मला हसावं की रडावं कळेना. ज्या मंडळाकडून मी प्रतिज्ञा म्हणवून घेतली त्यातल्या कितीजणी लवंग चावून येत होत्या, ते मी चिटणीस असताना मला कधीच कळलं नव्हतं. तंबाखूचं काम चांगलं आहे असं मी अजूनही म्हणत नाही. दुपारी खोकला येतो, वडील आठवतात, आणि दुसरं काम मिळावं म्हणून मी अजूनही प्रार्थना करते. पण ज्या हातांना दुसरं काम मिळत नाही, त्यांनाच मी दोष देत होते. आता आमच्या मंडळात ती प्रतिज्ञा म्हणायच्या आधी कुणाला काम हवंय ते विचारतात. तेही अजून फारसं कुणाला मिळालेलं नाही. पण विचारतात तरी.

एक गोष्ट मात्र उरली होती, आणि खरं सांगायचं तर चर्चमध्ये बोलण्यापेक्षा ती अवघड होती. सोमवारी मी यांना पद्माबाईंवर सोपवलं, त्यांच्या उदबत्त्यांचं खरं कारण त्यांनाही सांगितलं, आणि अक्काच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसून बिड्या वळत होती. मी तिच्यासमोर खाली बसले. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. "अक्का, त्या रविवारी मी तुमचा अपमान केला. मला माफ करा," एवढंच आलं.

तिची बोटं थांबली नाहीत. "कवाच केलं की," म्हणाली. "न्हायतर घरी आले असते का मी?"

"मग परत या आमच्या चर्चला. भाकर तुम्ही कापा."

"न्हाय बाई. तितं माझं मन रमलंय आता. तुमी कापा, मी तिकडं कापते. भाकर एकच हाय न्हवं?" हे ऐकून मला वाईट वाटलं. माफी मागितली की सगळं पूर्वीसारखं होईल, अशी एक अट माझ्या मनात तेव्हाही कुठंतरी होतीच. मी जे मोडलं होतं ते माझ्या सोयीनं जुळणार नव्हतं. तिनं मात्र मला घरात बसवलं, चहा दिला, आणि चहाचा कप ठेवताना एकदम विचारलं, "बाई, एक विचारू का? तुमचं नाव काय?"

सहा-सात महिने ती आमच्यात येत होती आणि मी तिला माझं नाव कधी सांगितलंच नव्हतं.

"इतकी वर्सं देवाला 'चिटणीसबाई' म्हणूनच सांगत आले मी. त्याला कळतंय म्हणा. पण नाव ठावं असलं की बरं."

मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं, तंबाखूनं माखलेल्या हातांत माझे हात घेतले आणि डोळे मिटून तेलुगूत प्रार्थना करू लागली. मला तेलुगू येत नाही. ती माझ्यासाठी काय मागत होती, यांचा हात, दुसरं काम, की आणखी काही, मला काही कळत नव्हतं. मधूनमधून फक्त माझं नाव ऐकू येत होतं. ती थांबली तेव्हा काय मागितलं ते मी तिला विचारलं नाही. मी आमेन म्हटलं.